कृष्णविवरात पडणाऱ्या माणसाचे काय होते?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एखाद्या माणसाला कृष्णविवरात लोटून देण्याचा विषय कोणी निवडील, अशी आपल्या चिटणीसांना कल्पना नसावी. मी विषय कळविला तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने, "दुसरा एखादा विषय हाताशी असल्यास पाहावे," असे सुचविले होते. त्यांचे म्हणणे रास्त होते. माझी पदवी कला शाखेची, नोकरी केंद्र सरकारची, आणि आयुष्याची तीसएक वर्षे फायलींवर शेरे लिहिण्यात गेलेली. तारकाभौतिकीवर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तरीही मी हाच विषय धरून बसलो, त्यामागे एक कारण आहे, आणि ते कबुलीजबाबाच्या स्वरूपाचे आहे.

गेल्या गणेशोत्सवात मुलांच्या प्रश्नमंजूषेचे काम माझ्याकडे होते. कार्यक्रम आटोपल्यावर आठवीतील एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "काका, कृष्णविवरात माणूस पडला तर त्याचे काय होईल?" मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर ठोकून दिले. म्हणालो, "कृष्णविवर भोवतालचे सारे काही ओढून घेते. माणूस काठाशी पोहोचला की त्याच्या चिंधड्या उडतात. आणि तेथे काळच थांबतो, त्यामुळे पुढचा प्रश्नच उरत नाही." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "पण काका, आपण काठ ओलांडला हे त्याला कळेल का?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. "पुढच्या वेळी सांगतो," असे म्हणून मी प्रसादाच्या रांगेकडे वळलो. घरी आल्यावर वाचावयास बसलो, तेव्हा ध्यानात आले की, मी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या, निदान अर्धवट होत्या. सरकारी आदेशात चूक राहून गेली तर नंतर शुद्धिपत्रक काढावे लागते. आजचे व्याख्यान हे माझे शुद्धिपत्रक समजावे, आणि त्याच्या शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असा माझा मानस आहे.

प्रथम कृष्णविवर म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. आपण दगड वर फेकतो, तो खाली येतो. अधिक जोराने फेकला तर अधिक उंच जाऊन खाली येतो. सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर इतक्या वेगाने फेकता आला तर तो पृथ्वी सोडून कायमचा निघून जाईल. आता एखादी वस्तू इतकी जड आणि इतकी आटोपशीर असेल की, तिच्यापासून सुटण्यास प्रकाशाच्या वेगाहूनही अधिक वेग लागावा, तर तिच्यापासून प्रकाशही सुटणार नाही. हा विचार इंग्लंडमधील जॉन मिशेल ह्या धर्मोपदेशकाने १७८३ साली मांडला, आणि पुढे थोड्याच वर्षांत फ्रान्समधील लाप्लास ह्यांनीही स्वतंत्रपणे मांडला. मात्र त्याला भक्कम पाया मिळाला तो आइन्स्टाइन ह्यांच्या १९१५ सालच्या व्यापक सापेक्षतावादाने. त्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढणारे कार्ल श्वार्झशिल्ड त्या वेळी जर्मन सैन्यात रशियन आघाडीवर होते. युद्धाच्या धामधुमीत केलेले ते गणित त्यांनी आइन्स्टाइनना धाडले, आणि १९१६ च्या मे महिन्यात आजारपणाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या गणितातून एक साधा हिशेब निघतो. सूर्याइतके वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात दाबून बसविले, तर त्यातून प्रकाश बाहेर पडू शकणार नाही. पृथ्वीच्या बाबतीत ही त्रिज्या ९ मिलिमीटर भरते; म्हणजे सारी पृथ्वी एखाद्या लहानशा सुपारीएवढी करावी लागेल. ही जी मर्यादा, तिला शास्त्रज्ञ घटना-क्षितिज म्हणतात. क्षितिजापलीकडचे जसे आपल्याला दिसत नाही, तशा ह्या मर्यादेच्या आत घडलेल्या घटना बाहेरच्याला कधीच दिसत नाहीत.

निसर्गात इतके दडपण येते कोठून? ताऱ्याचे इंधन संपले की त्याचे स्वतःचे वजन त्याला आतल्या आत दाबू लागते. हे दाबणे कोठवर रोखले जाऊ शकते, ह्याचा हिशेब १९३० साली मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने केला. ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. घराणे तमिळ, जन्म लाहोरचा, कारण वडील रेल्वेच्या हिशेबखात्यात अधिकारी होते आणि बदली तेथे झाली होती. बदलीच्या गावी जन्मलेली मुले आपल्या मंडळातही काही कमी नाहीत, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असा विझलेला तारा श्वेत बटू ह्या अवस्थेत टिकू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. १९३५ साली लंडनमध्ये एडिंग्टन ह्यांच्यासारख्या थोर ज्योतिर्विदाने त्याची भर सभेत वासलात लावली. पण काळाने निकाल चंद्रशेखरांच्या बाजूने दिला, आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३९ साली ओपेनहायमर आणि स्नायडर ह्यांनी असा कोसळणारा तारा शेवटी घटना-क्षितिजाआड जातो, हे दाखवून दिले. 'ब्लॅक होल' हे नाव १९६७ नंतर जॉन व्हीलर ह्यांच्या तोंडून सर्वत्र पसरले.

मराठीत हा विषय घरोघरी पोहोचला त्याचे मोठे श्रेय डॉ. जयंत नारळीकर ह्यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, पण बालपण आणि शिक्षण काशीचे, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि स्वतः सापेक्षतावादाचे संशोधक होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंतरावांनी 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावाने कथा पाठविली आणि पहिले बक्षीस मिळविले. त्या कथेचे नाव 'कृष्णविवर' असे होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. परप्रांतात वाढलेल्या मुलाला आपल्या भाषेत गहन विषय मांडता येतो, ह्याचे इतके चांगले उदाहरण आपल्यासमोर असताना माझ्या चुकीच्या उत्तरावर पांघरूण घालणे योग्य झाले नसते.

आता शुद्धिपत्रकातील पहिली दुरुस्ती. 'कृष्णविवर भोवतालचे सारे काही ओढून घेते,' असे मी म्हटले होते. तसे नाही. दूरवर त्याचे गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या कोणत्याही ताऱ्यासारखेच असते. उद्या काही चमत्काराने सूर्याचे कृष्णविवर झाले, तर पृथ्वीवर अंधार आणि गोठविणारी थंडी पडेल हे खरे. परंतु पृथ्वी तेवढ्याच दिवसांत तीच प्रदक्षिणा घालीत राहील. ह्याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी, धनू राशीच्या दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे अंतरावर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती एस-२ नावाचा तारा सुमारे १६ वर्षांत एक फेरी घालतो. २०१८ च्या मे महिन्यात तो विवरापासून सुमारे १८०० कोटी किलोमीटरांवर आला, त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक होता. आणि तो सुखरूप वळसा घालून परतीच्या वाटेला लागला. अशा ताऱ्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे गेन्झेल आणि श्रीमती गेझ २०२० सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. तात्पर्य, कृष्णविवरात पडावयाचे तर फारच जवळ जावे लागते.

दुसरी दुरुस्ती चिंधड्यांची. येथे विवराच्या आकारावर सारे अवलंबून आहे, आणि गंमत अशी की, लहान विवर अधिक घातक असते. समजा, सूर्याच्या दहापट वस्तुमानाचे विवर आहे. त्याची त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर. आपला माणूस पाय पुढे करून त्यात पडत आहे. पाय केंद्राच्या जवळ, डोके दूर. म्हणून पायांवरील ओढ अधिक, डोक्यावरील कमी. चंद्राच्या अशाच कमीअधिक ओढीने समुद्राला भरती येते. केंद्रापासून सुमारे ८ हजार किलोमीटरांवर ह्या दोन ओढींतील फरक आपल्या पृथ्वीवरील वजनाइतका होतो, म्हणजे झाडाच्या फांदीला लोंबकळावे तसा ताण अंगाला जाणवू लागतो. ३८०० किलोमीटरांवर तो दहापट होतो, २००० किलोमीटरांवर साठपटींहून अधिक. ह्यापुढे मानवी शरीर टिकणे शक्य नाही. क्षितिजाशी पोहोचेपर्यंत हा फरक सुमारे २ कोटी पट झालेला असतो. उभ्या अंगाने ताण आणि दोन्ही बाजूंनी दाब, असे दोन्ही एकाच वेळी होत असल्याने सोऱ्यातून शेव पडावी तशी देहाची अवस्था होते. म्हणजे अशा लहान विवरात माणूस क्षितिज ओलांडण्याच्या कितीतरी आधीच संपलेला असतो. माझे उत्तर येथेही चुकलेच. मी 'काठाशी' म्हटले होते, प्रत्यक्षात हे काठापासून शेकडो किलोमीटर दूर घडते.

उलट आकाशगंगेच्या मध्यातील त्या प्रचंड विवराचे पाहा. त्याची त्रिज्या सुमारे सव्वा कोटी किलोमीटर. तेथील क्षितिजावर डोके आणि पाय ह्यांवरील ओढीतला फरक आपल्या वजनाच्या दहा हजारांश भागाएवढाच भरतो. सुती धाग्यालाही तो तोडू शकणार नाही. तेव्हा ह्या विवराच्या काठावर चिंधड्या उडण्याचे काही कारण नाही. मात्र एक सावधगिरीची सूचना येथे दिली पाहिजे. पुष्कळ विवरांभोवती तप्त वायूचे भोवरे असतात आणि त्यांतून क्षकिरणांचा वर्षाव होत असतो. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-१ हे विवर अशाच क्षकिरणांमुळे ओळखले गेले. तेथे जाणारा क्षितिज पाहण्यापूर्वीच किरणांनी मरेल. म्हणून आपल्या माणसाला आपण शांत विवराकडेच पाठवू.

तिसरी दुरुस्ती सर्वांत महत्त्वाची. 'तेथे काळ थांबतो,' असे मी म्हटले. पण कोणाच्या घड्याळाने, हे सांगितले नाही. गुरुत्वाकर्षण जितके तीव्र, तितके तेथील घड्याळ दूरच्या माणसाला मंद चाललेले दिसते. ही पोथीतील गोष्ट नव्हे. आपल्या खिशातील टेलिफोन ज्या जीपीएस उपग्रहांवरून रस्ता दाखवितो, त्यांची घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. उंचीमुळे होणारी वाढ आणि वेगामुळे होणारी घट ह्यांची ही गोळाबेरीज आहे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात रस्ता दहाएक किलोमीटरांनी चुकेल.

आता दोन माणसे कल्पू या: एक पडणारा आणि एक दूरच्या यानात बसून पाहणारा. पडणाऱ्याच्या हातात दिवा आहे, आणि तो आपल्या घड्याळाप्रमाणे दर सेकंदाला एकदा तो चमकवितो. पाहणाऱ्याला आरंभी दर सेकंदाला चमक दिसते. मग दोन चमकांमधील अंतर वाढू लागते. दोन सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट. प्रकाश तांबूस होत जातो, मंदावतो. क्षितिजापूर्वीची अखेरची चमक आल्यानंतर पुढची कधीच येत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने पडणारा काठाशी जाऊन थबकतो, फिकट होत जातो आणि काठ न ओलांडताच दिसेनासा होतो. ४३ लाख सूर्यांच्या विवरात हे विझणे अवघ्या काही मिनिटांचे असते. पाहणाऱ्याच्या टिपणवहीत 'ओलांडले' अशी नोंद कधीच होत नाही.

आणि पडणारा? त्याचे घड्याळ त्याच्या हातात नेहमीसारखेच टिकटिकत असते. तो थबकत नाही, मंदावत नाही. ठरलेल्या वेळी काठ ओलांडून आत जातो. पुष्कळांचा असा समज असतो की, त्या क्षणी त्याला विश्वाचा सारा भविष्यकाळ भराभर पुढे सरकताना दिसेल. तसेही होत नाही. मागून येणारा मोजकाच प्रकाश त्याला गाठू शकतो. समोरच्या काळ्या वर्तुळाने त्याचे सारे आकाश व्यापलेले नसते, आणि मागचे तारे आत शिरल्यावरही दिसत राहतात. तेव्हा दोघांचे वृत्तांत वेगळे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. एकाच घटनेचे दोन सच्चे अहवाल परस्परांशी न जुळणे, हे आमच्या कार्यालयात चौकशीचे कारण ठरते. निसर्गाच्या दप्तरी मात्र ते नियमाला धरूनच आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. काठ ओलांडला हे त्याला कळेल का?

आइन्स्टाइन १९०७ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे सरकारी पेटंट कार्यालयात नोकरीस होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या मनात एक विचार आला: उंचावरून मोकळेपणी पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. सरकारी खुर्चीत बसून केलेल्या चिंतनातून इतके मोठे फळ मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ह्याच विचारातून पुढे व्यापक सापेक्षतावाद उभा राहिला, आणि आपले उत्तरही ह्यातच आहे. मोकळेपणी पडणाऱ्याच्या लेखी त्याच्या लगतच्या परिसरात गुरुत्वाकर्षण नसल्यासारखेच असते. विवर पुरेसे मोठे असेल तर काठ ओलांडताना त्याला धक्का बसत नाही, आवाज येत नाही, भिंत लागत नाही.

एक दृष्टान्त देतो. मोठ्या धबधब्याच्या वरच्या अंगाला नदी संथ असते. कड्याकडे जावे तसा प्रवाह वेगवान होत जातो. एखादा पोहणारा प्रवाहाबरोबर वाहत आहे. त्याच्या पोहण्याचा कमाल वेग ठरलेला आहे. नदीत कोठेतरी अशी एक जागा असते की, जेथे प्रवाहाचा वेग त्याच्या कमाल वेगाइतका होतो. त्या जागेपलीकडे तो कितीही हात मारो, मागे येणे नाही. पण त्या जागी पाण्यावर रेघ ओढलेली नसते, पाटी लावलेली नसते, आणि तेथील पाणी पुढच्या-मागच्या पाण्यासारखेच असते. कृष्णविवराचे क्षितिज ही अशी लक्ष्मणरेषा आहे. सीतामाईला निदान रेषा दिसत तरी होती.

म्हणून उत्तर असे: नाही, त्याला कळणार नाही. आपण काठ कधी ओलांडू, हे तो आधी गणिताने काढून घड्याळात पाहू शकेल. अंगाला मात्र काहीही जाणवणार नाही.

मग पुढे काय? आत गेल्यावर केंद्र ही समोरची जागा राहत नाही. ती पुढे येणारी वेळ होते. उद्याचा दिवस टाळावयाचा म्हणून आपण उजवीकडे वळू शकत नाही की डावीकडे, तसेच येथे होते. ४३ लाख सूर्यांच्या विवरात दुरून पडत आलेल्या माणसाला काठापासून केंद्रापर्यंत अवघे अर्धे मिनिट मिळते. हाताशी रॉकेट असले आणि त्याने कसलाही खटाटोप केला, तरी एक मिनिट सहा-सात सेकंदांपलीकडे त्याला कोणत्याही उपायाने जाता येत नाही. २०१९ च्या १० एप्रिलला ज्या विवराच्या छायेचे पहिले चित्र जगाने पाहिले, ते एम-८७ ह्या दीर्घिकेतील विवर साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, आणि त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे. त्याची त्रिज्या सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अंतराच्या चौपटीहून अधिक. तेथे पडणाऱ्याला सुमारे बारा तास मिळतात, आणि फार तर अठ्ठावीस. बारा तासांत मनुष्य जेवू शकतो, झोप घेऊ शकतो, रोजनिशी लिहू शकतो. हे आकडे स्वतःभोवती न फिरणाऱ्या विवराचे आहेत. खरी विवरे फिरणारी असतात. त्यांचे गणित न्यूझीलंडच्या रॉय कर ह्यांनी १९६३ साली सोडविले, आणि त्यांच्या अंतर्भागाचे चित्र बरेच गुंतागुंतीचे आहे.

शेवटी ताण येतो तो येतोच. मात्र हिशेब करता एक विलक्षण गोष्ट आढळते. ताण दहापट झाल्यापासून अखेरपर्यंतचा वेळ विवर लहान असो की मोठे, सारखाच असतो: सेकंदाचा सुमारे दहावा भाग. पापणी लवण्याइतकाही तो नाही. तेव्हा 'दुखेल का?' असे एखाद्या हळव्या मनाने विचारले, तर दुःख कळण्यास लागणारा वेळच त्याला मिळणार नाही, असे उत्तर द्यावे लागेल.

केंद्राशी नेमके काय आहे, हे आजचे शास्त्र सांगू शकत नाही. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी ह्यांनी १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली निरनिराळ्या वाटा एकमेकींकडे कशा झुकत जातात, हे ते सांगते. पेनरोज ह्यांनी १९६५ साली असे सिद्ध केले की, कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटी 'सिंग्युलॅरिटी' अटळ आहे, म्हणजे जेथे सापेक्षतावादाचे गणितच उत्तर देणे थांबविते अशी अवस्था. रायचौधुरींचे समीकरण ह्या विचाराच्या पायाशी आहे. पेनरोज ह्यांना ह्या कार्याबद्दल २०२० चे अर्धे नोबेल पारितोषिक लाभले. हॉकिंग ह्यांनी १९७४ साली दाखविले की, कृष्णविवर अतिशय मंद गतीने का होईना, किरणोत्सर्ग करीत झिजत जाते. मग त्यात पडलेल्याचा सारा वृत्तान्त कायमचा पुसला जातो, की कोठेतरी शिल्लक राहतो, हा वाद सुरू झाला. २०१२ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी असाही युक्तिवाद केला की, फार जुन्या विवराच्या काठावर अग्नीची भिंत असू शकेल. तसे असेल तर माझे 'कळणार नाही' हे उत्तर तेथे पुन्हा दुरुस्त करावे लागेल. हा मतभेद मिटलेला नाही. शुद्धिपत्रकालाही शुद्धिपत्रक निघू शकते, हे मी त्या मुलीला आधीच सांगून ठेवतो.

ह्या शोधात आपल्या देशाचा हातभार अजून चालू आहे. विवराला धक्का बसला तर ते घंटेसारखे काही काळ निनादते, असे सी. व्ही. विश्वेश्वर ह्यांनी १९७० साली गणिताने दाखविले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन विवरांच्या मीलनातून उठलेले गुरुत्वीय तरंग प्रथमच टिपले, आणि त्यांच्या अखेरीस तसाच विरत जाणारा निनाद होता. तशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली आहे. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या वाटेवरचा तो प्रदेश आहे.

समारोपापूर्वी एकच गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ह्या साऱ्या वाचनात माझ्या मनात घर करून राहिली ती हीच. प्रत्येक कार्यालयात दोन नोंदवह्या असतात, आवक आणि जावक. काठ ओलांडलेल्या माणसाची जावक कायमची बंद होते. त्याने दिवा दाखविला, हाक मारली, काहीही धाडले, तरी बाहेर काही पोहोचत नाही. परंतु त्याची आवक बंद होत नाही. बाहेरून निघालेला प्रकाश त्याच्या मागोमाग आत येऊ शकतो. पाहणाऱ्याने यानातून निरोप धाडला, तर वेळेवर धाडलेला निरोप पडणाऱ्याला आतही मिळतो. फक्त तो मिळाला, ही पोच परत येत नाही. पाहणाऱ्यापाशी उरते ते काठावरचे अखेरचे, तांबूस होत गेलेले चित्र.

आपण सारे गाव सोडून येथे आलो. नेमक्या कोणत्या दिवशी आपण येथले झालो, ती रेषा आपल्यापैकी कोणाला जाणवली नाही. गावाकडच्यांच्या मनात आपण अजून फलाटावर उभे असलेले, निघतानाच्या वयाचे आहोत. इतके साम्य पुरे, कारण ह्यापुढे दृष्टान्त संपतो. आपली जावक बंद झालेली नाही. पन्नास वर्षे ह्या मंडळातून पत्रे गेली, नाटकांच्या जाहिराती गेल्या, मुलांच्या लग्नपत्रिका गेल्या, आणि त्यांच्या पोचाही आल्या. दोन्ही वह्या चालू आहेत, त्या तशाच चालू ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

ती मुलगी आता नववीत गेली आहे आणि आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मला एक वर्ष लागले. विलंबाबद्दल क्षमा कर. आमच्या खात्यात हा विलंब फारसा मानला जात नाही. तुझा पुढचा प्रश्न तयार असेल, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून दिसतेच आहे. तो अवश्य विचार. उत्तर ठाऊक नसेल तर ह्या खेपेस मी प्रसादाच्या रांगेकडे वळणार नाही, 'ठाऊक नाही' असेच सांगेन.